तासाभराची डॉल्फिन सफर: पाहुण्यांना ‘जा’ म्हणायचं की ‘नको’?



दिवाळी झाली की आपल्या घराघरांत एक प्रश्न ठरलेला असतो. बेळगावची बहीण चोर्ला घाट उतरून पोरांना घेऊन येते, वडोदऱ्याचे मावसभाऊ येतात, इंदूरहून सुनेच्या माहेरची माणसं येतात. दुसऱ्या दिवशी चहा पिताना सगळे विचारतात, “तुम्ही दर्यावरची माणसं. ती तासाभराची डॉल्फिनची फेरी असते ना, ती घ्यावी की पैसे पाण्यात जातात?”

आणि आपण, ज्यांचं अर्धं आयुष्य होडीवर गेलं, धड उत्तर देत नाही. कोणी म्हणतो, “जा की, मजा असते.” कोणी म्हणतो, “कशाला? आम्ही रोज बघतो.” दोन्ही उत्तरं वरवरची आहेत. पाहुणा आपल्या शब्दावर विश्वास ठेवून पोरंबाळं घेऊन बोटीत बसणार असतो, तेव्हा उत्तर विचार करूनच द्यायला हवं.

म्हणून गेल्या जानेवारीत एका रविवारी आमच्या समितीतले पाच जण गिऱ्हाईक म्हणून तिकीट काढून बोटीत बसलो. मांडवीच्या मुखाकडची नेहमीची फेरी होती. बोट कोणाची ते सांगत नाही, कारण जे दिसलं ते एका बोटीपुरतं नाही. आमच्याबरोबर एक काकीही होत्या. चाळीस वर्षं बाजारात नुस्तं विकलं, पण बोटीत बसून समुद्रात कधी गेल्या नव्हत्या. त्यांचं पुढे सांगतो.

तासातला खरा वेळ किती?

तिकीट एका तासाचं होतं. बोट भरेपर्यंत धक्क्यावर थांबलो ती १५ ते २० मिनिटं. चढणं, बसणं, जॅकेट घालणं यात आणखी ५ ते ७ मिनिटं. पाण्यावर प्रत्यक्ष ४० मिनिटंसुद्धा नव्हती. त्यातली डॉल्फिन दिसत होते ती मिनिटं मोजली तर चार-पाच.

म्हणून पाहुण्यांना पहिला हिशोब हा शिकवा. समजा चौघांचे मिळून २,००० रुपये झाले आणि पाण्यावर ४० मिनिटं मिळाली, तर मिनिटाला ५० रुपये पडले. एवढे पैसे फक्त डॉल्फिनच्या पाठीसाठी देत असाल तर सौदा महाग आहे. पाणी, वारा, किनारा, किल्ला हे सगळं धरून देत असाल तर परवडेल. आधी विचारायचं: “पाण्यावर किती मिनिटं? कुठून कुठे नेणार? बोट भरायची वाट बघणार का?” धड उत्तर न देणाऱ्याचं तिकीट काढू नये.

डॉल्फिनची ‘गॅरंटी’ म्हणजे काय?

धक्क्यावर तिकीट विकणारी पोरं ओरडतात, “शंभर टक्के डॉल्फिन!” आपल्याला माहीत आहे, दर्यात शंभर टक्के काहीच नसतं. तारल्यांचा थवा काल होता तिथे आज नसतो, मग त्याच्या मागे फिरणारा प्राणी तिथेच कसा राहील?

आपल्या काठाला दिसतो तो बहुतेक वेळा कुबडाचा डॉल्फिन. पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर. मालवणकडे डॉल्फिनला गादा म्हणतात. हा खोल समुद्रात फारसा जात नाही. किनाऱ्याजवळचं उथळ पाणी आणि नद्यांची मुखं ही त्याची जागा, कारण त्याचं खाणं तिथेच मिळतं. म्हणून मांडवीच्या मुखापाशी, आग्वादच्या खाली तो बरेचदा दिसतो. पण टीव्हीवर दाखवतात तसा उड्या मारत नाही. श्वास घ्यायला वर येतो, पाठ दाखवतो, पाण्याखाली जातो. फोन काढेपर्यंत संपलेलं असतं. पाहुण्यांना हे आधीच सांगितलं की ते नाराज होत नाहीत.

आता आपल्यालाही आत्मपरीक्षण करायला लावणारी गोष्ट. त्या रविवारी एका ठिकाणी एक पाठ दिसली आणि पाहता पाहता सात बोटी तिच्याभोवती जमल्या. प्रत्येक बोटीचं मशीन चालू. डॉल्फिन आवाजावर जगतो. पाण्यात तो आवाज सोडतो आणि परत आलेल्या आवाजावरून मासा कुठे, खडक कुठे, पिल्लू कुठे हे ओळखतो. सात मशीनं घुमायला लागली तर त्याची गत भर बाजारात हाक मारणाऱ्या माणसासारखी होते. तो लांब बुडी मारतो आणि दुसरीकडे निघून जातो. म्हणजे जितका पाठलाग जास्त, तितकं दर्शन कमी.

डॉल्फिन आपल्या जाळ्यातले मासे खातो, जाळी फाडतो, ही आपल्यातल्या अनेकांची तक्रार आहे आणि ती खोटी नाही. तरी तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे आणि त्याचा पाठलाग करणं चूकच. न्यूझीलंडच्या नियमाप्रमाणे डॉल्फिनपासून ३०० मीटरच्या आत एका वेळी तीनपेक्षा जास्त बोटी थांबत नाहीत. ऑस्ट्रेलियात बोटीने ५० मीटरपेक्षा जवळ जायचं नाही असं ठरलेलं आहे. आपल्याकडचा शहाणा तांडेल हे न वाचताच करतो. तो लांब थांबतो, मशीन न्यूट्रलला टाकतो आणि गप्प राहतो. अशा बोटीजवळ डॉल्फिन कधीकधी स्वतःहून येतो. पाहुण्याने विचारावं, “डॉल्फिन दिसला की तुम्ही मशीन मंद करता का?” या एका प्रश्नावरून तांडेल कसा आहे ते कळतं.

सकाळी जावं, दुपारी नको

हे आपल्याला पाठ आहे, पाहुण्याला नाही. पहाटेपासून सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि किनाऱ्याजवळचं पाणी शांत असतं. ऊन चढलं की वारा फिरतो, समुद्राकडून यायला लागतो आणि दुपारी पाणी चोपतं. सकाळी आठची फेरी आणि दुपारी तीनची फेरी यांचं तिकीट एकच असेल, पण अनुभव वेगळा. दुपारी आजीचं डोकं गरगरतं, पोर ओकतं आणि परत येईपर्यंत कोणाला डॉल्फिनची आठवण राहत नाही.

दुसरी गोष्ट नदीच्या मुखाची. मांडवीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे. सुकतीचं पाणी जोरात बाहेर निघतं आणि वारा समोरून आत येतो, तेव्हा तिथे लाटा उभ्या राहतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ आणखी वाढते. भांगाच्या दिवसांत पाणी त्या मानाने सौम्य. तेव्हा पाहुण्यांची सुट्टी दोन-तीन दिवसांची असेल तर कॅलेंडर बघून दिवस तुम्हीच निवडून द्या. हे काम आपल्याशिवाय कोण करणार?

आणि पावसाळ्यात साफ नको. १ जून ते ३१ जुलै आपली यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याचं एक कारण माशांची वीण आणि दुसरं माणसांचा जीव. आपण ज्या पाण्यात जात नाही त्यात पाहुण्याने तिकीट काढून जायचं नाही. त्या दिवसांत कोणी “चल, जरा आतपर्यंत नेतो” म्हणाला तर हात जोडून परत या.

जॅकेट, माणसं आणि बोटीवरचा आकडा

इथे आम्ही जरा कठोर बोलणार आहोत.

१८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. तलाव होता, समुद्र नव्हे. बोटीत झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगावर लाईफ जॅकेट नव्हतं. आपले वडोदऱ्याचे नातेवाईक हे विसरलेले नाहीत. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. त्यानंतर आठवड्यातच, २५ डिसेंबरला, आपल्या कळंगुटच्या किनाऱ्याजवळ पर्यटकांची बोट उलटली आणि एकाचा जीव गेला.

कोणाला घाबरवायला हे लिहीत नाही. या बहुतेक घटना काठाजवळच्या किंवा शांत पाण्यातल्या आहेत. “जवळच तर जायचं आहे” हे वाक्य म्हणूनच धोक्याचं.

पाहुण्याला पाच गोष्टी सांगून ठेवा:

१. बोटीवर नोंदणी क्रमांक आणि किती माणसांची परवानगी तो आकडा बघायचा. गोव्यात हे काम कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे आहे, महाराष्ट्रात मेरीटाईम बोर्डाकडे. आकडा दिसत नसेल तर विचारायचं. चढलेली माणसं स्वतः मोजायची. लहान मूलही एक माणूस धरायचं.

२. जॅकेट धक्क्यावरच घालायचं, बोटीत गेल्यावर नाही. बकल लावून पट्टा आवळायचा. जॅकेट सीटखाली ठेवून उपयोग नाही. बोट उलटते तेव्हा शोधायला वेळ मिळत नाही.

३. मुलाला मुलाच्याच मापाचं जॅकेट. घातल्यावर खांद्याकडून वर उचलून बघा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यात मूल खालून निसटेल. मापाचं नसेल तर त्या मुलाला घेऊन जाऊ नका, कितीही रडू दे.

४. सगळ्यांनी एका बाजूला उभं राहायचं नाही. “तो बघ डॉल्फिन!” म्हटलं की सगळे एकाच कडेला धावतात आणि बोट तिथेच कलते. बसूनच बघायचं.

५. फोनमध्ये १५५४ हा तटरक्षक दलाचा क्रमांक आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक ठेवायचा.

पाठीच्या मणक्याचा त्रास, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण असेल तर वेगाने जाणारी छोटी बोट टाळावी. लाटेवर आदळते तेव्हा धक्का सरळ कमरेला बसतो.

दाखवणारा काय दाखवतो?

‘गाईड बरोबर’ असं म्हणून तिकीट विकतात. आमच्या बोटीतल्या मुलाने कुठल्या तरी व्यापाऱ्याचा डोंगरावरचा बंगला दाखवला, सिनेमाचं शूटिंग कुठे झालं ते सांगितलं आणि गाणी लावली. समोर आग्वाद होता, त्याच्याबद्दल अवाक्षर नाही.

त्या किल्ल्याचं बांधकाम १६१२ चं. नाव पडलं पाण्यावरून. लांबून आलेली गलबतं इथे गोडं पाणी भरून घेत. वरचं जुनं दीपगृह १८६४ चं. पाण्याला लागून जो भाग आहे तिथे पुढे तुरुंग होता आणि गोव्याच्या मुक्तीसाठी लढलेल्या माणसांना त्यात डांबलं जाई. राममनोहर लोहियांनाही १९४६ मध्ये तिथे ठेवलं होतं. आज तिथे संग्रहालय आहे. आत वळलं की उत्तर काठावर रेईश मागूशचा किल्ला आणि समोर दक्षिणेच्या टोकावर काबोचं राज्यपालांचं निवासस्थान. दोन टोकांच्या मधून मांडवी समुद्राला मिळते. कोणतं गलबत आत येतंय हे दोन्हीकडून दिसावं म्हणूनच तर ही टोकं राखली. हे जमिनीवरून कळत नाही, बोटीतून एका नजरेत कळतं. सफरीची खरी किंमत इथे वसूल होते, आणि तेच कोणी सांगत नाही.

तुलनेला मालवण घ्या. बेळगावहून आंबोली घाटाने जाणाऱ्यांना ते सोयीचं. तिथे जेटीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाता येतं. पाण्यावरचा वेळ थोडा, पण समोर १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला जलदुर्ग. आत शिवराजेश्वराचं देऊळ आणि चारी बाजूंना खारं पाणी असताना गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. गादा दिसो न दिसो, किल्ला जागचा हलत नाही. पावसाळ्यात मात्र ही होडीही बंद असते. घरात म्हातारी माणसं आणि इतिहासाची आवड असेल तर आम्ही डॉल्फिनच्या फेरीपेक्षा हे सुचवू.

काकींचं काय झालं?

डॉल्फिन दिसला तेव्हा बोटीतले सगळे ओरडले. काकी शांत होत्या. त्या किनाऱ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी त्या मुलाला विचारलं, “खंय रे आमचो वाडो?”

त्याला सांगता आलं नाही. आम्ही दाखवला. माडांची रांग, देवळाचा कळस, त्याच्या डावीकडे जाळी वाळत घालायची जागा. काकी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हयसून तो दिसता म्हणून घो घरा येयत आसलो.” त्यांच्या यजमानांना जाऊन बारा वर्षं झाली. ते जिथून रोज घर बघत होते, ती जागा काकींनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

परत आल्यावर आम्ही विचारलं, पैसे वसूल झाले का? त्या म्हणाल्या, डॉल्फिनचं माहीत नाही, पण आपल्या सगळ्या बायकांना एकदा न्यायला हवं. त्यांचं म्हणणं समितीने मनावर घेतलं आहे. आपल्या वाड्यातल्या कितीतरी बायका आयुष्यभर मासा निवडतात, विकतात, खारवतात, पण आपलं गाव समुद्रातून कसं दिसतं ते त्यांनी बघितलेलं नाही. हंगामात एखाद्या भांगाच्या सकाळी परवान्याची बोट ठरवून त्यांना नेण्याचा विचार चालू आहे. नावं द्यायची असतील तर संस्थेच्या कार्यालयात द्या.

होडीवाल्यांसाठी दोन शब्द

नुस्तं कमी मिळतं, डिझेल महाग झालं, म्हणून आपल्यातले काही जण पर्यटनाकडे वळतात. त्यात गैर काही नाही. पण मासेमारीसाठी नोंदलेली होडी म्हणजे प्रवासी बोट नव्हे. पैसे घेऊन माणसं न्यायची तर वेगळा परवाना लागतो. “ओळखीचेच आहेत” म्हणून चार जणांना बसवलं आणि काही झालं, तर विमा कंपनी हात वर करेल आणि पोलीस आपल्या दारात येतील. होडी जाईल, इभ्रतही जाईल.

परवाना असेल तर मग धंदा नीट करा. बोट भरायची वाट न बघता ठरल्या वेळी सोडा. ‘शंभर टक्के’ ओरडणाऱ्याला कमिशन देऊ नका. लावलेल्या जाळ्यावरून बोट नेऊ नका, ते आपल्याच भावाचं असतं. आणि बोटीवर जे पोरगं ठेवाल त्याला गावाची चार वाक्यं शिकवा. आग्वाद कधीचा, वारा कधी फिरतो, रापण कशी ओढतात. पर्यटकाला गाणी त्याच्या फोनवरही मिळतात. दर्याची माहिती फक्त आपल्याकडे आहे.

मग हो की नको?

पाहुण्याने विचारलं तर आम्ही आता असं सांगतो:

सकाळची फेरी असेल, पाणी शांत असेल, बोटीवर आकडा असेल आणि माणसं त्याच्या आत असतील, मुलाच्या मापाचं जॅकेट असेल, तर जरूर जा. डॉल्फिन दिसला तर नशीब समजा, नाही दिसला तर किनारा बघून या. यातली एक गोष्ट जरी नसेल तर त्या दिवशी जाऊ नका. तिकीट काढलेलं असलं तरी नको. पैसे बुडाले तर बुडू दे.

आणि नाहीच गेलात तर हिरमुसू नका. पणजीहून बेतीला फेरीबोटीने जाऊन या, नगण्य खर्चात मांडवी बघून होते. नाहीतर पहाटे आमच्याकडे या. रापण ओढायला दोरीला हात लावा. डॉल्फिनची हमी आम्ही देत नाही, पण ओढून झाल्यावर वाट्याला ताजं नुस्तं मिळेल, एवढं नक्की.

ही पोस्ट आपल्या घरातल्या आणि बाहेरगावच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर पाठवा. तुमच्या बंदरावर काही वेगळं चालत असेल, चांगलं किंवा वाईट, तर खाली लिहा.